रुडॉल्फ हॉल, येल विद्यापीठ

अमेरिकेच्या कनेक्टिकट राज्यात न्यू हेवन येथे असलेली येल विद्यापीठाच्या वास्तुकला विद्यालयाची इमारत. वास्तुकार पॉल रुडॉल्फ (१९१८–९७). १९६३ मध्ये पूर्ण झालेली ही वास्तू २००८ पर्यंत ‘कला व वास्तुकला इमारत’ या नावाने ओळखली जाई. २००७–०८ च्या सुमारास तिचे नूतनीकरण झाले आणि उत्तरेला लॉरिया केंद्र हा विस्तार जोडला गेला. जुनी विद्यापीठीय इमारत न पाडता आजच्या वापराला योग्य कशी करावी, या चर्चेत तेव्हापासून तिचा दाखला आवर्जून दिला जातो.

रुडॉल्फ १९५८ ते १९६५ या काळात येलच्या वास्तुकला विभागाचे प्रमुख होते. म्हणजे ज्या विभागासाठी इमारत हवी होती त्याच विभागाच्या प्रमुखाने ती रचली. जागा यॉर्क व चॅपल या रस्त्यांच्या कोपऱ्यावरची, समोर वास्तुकार लुई कान यांनी रचलेले येलचे कलादालन (१९५३). जमिनीवर सात आणि खाली दोन मजले असे साधारणतः सांगितले जाते, पण मजल्यांची ही गणना फारशी उपयोगाची नाही. एकेका मजल्यात उंच-सखल टप्पे असून त्यांची एकूण संख्या बहुतेक लेखक ३७ देतात. नूतनीकरणातील बऱ्याच अडचणी या टप्प्यांतूनच उद्भवल्या.

भिंतींचे काम हा या वास्तूचा गाभा. लाकडी फर्म्यांत उभ्या पट्ट्या ठोकून काँक्रीट ओतले गेले. फर्मे काढल्यावर कंगोऱ्यांच्या कडा हातोड्यांनी हाताने फोडून आतली खडी उघडी केली गेली. त्यामुळे पृष्ठभाग खरबरीत होतो, प्रकाश तुटक पडतो आणि पावसाच्या ओघळांचे डाग खाचांमध्ये सामावतात. हाच पृष्ठभाग इमारतीच्या आतही आहे. वारसा म्हणून तो अमोल आहे; ऊर्जेच्या दृष्टीने मात्र तो पेच निर्माण करतो. साध्या भिंतीला बाहेरून किंवा आतून उष्णतारोधक थर देता येतो. येथे दोन्ही बाजू उघड्या ठेवणे भाग असल्याने थर देणे म्हणजे वास्तूच झाकणे होय. तसेच तुटलेला कंगोरा गिलाव्याने भरून भागत नाही. खडीचा रंग, आकार आणि फोडण्याची पद्धत हे सारे जुळावे लागते. म्हणून ऊर्जाबचतीसाठी काच, छत आणि यंत्रणा एवढाच वाव उरत होता.

नोव्हेंबर १९६३ मधील उद्घाटनाचे भाषण कलेतिहासकार निकोलाउस पेव्हस्नर यांनी केले आणि त्याच प्रसंगी इमारतीच्या दृष्टिकोनाविषयी नापसंती सूचित केली, ही घटना इतिहासग्रंथांत नेहमी येते. चित्रकला व शिल्पकलेचे विद्यार्थी आपल्याला मिळालेल्या जागांबद्दल नाराज होते. अवाढव्य एकेरी तावदानांमुळे उन्हाळ्यात आतील उष्णता वाढे आणि वातानुकूलनही पुरेसे नव्हते.

१४ जून १९६९ च्या पहाटे लागलेल्या आगीत वरच्या मजल्यांची मोठी हानी झाली. तिचे कारण हा सर्वाधिक चर्चिला गेलेला, पण अनिर्णीत राहिलेला प्रश्न आहे. विद्यार्थी-असंतोषाच्या त्या काळात आग मुद्दाम लावली गेली असा प्रवाद तत्काळ पसरला आणि पुढे अनेक लेखकांनी तो जवळपास वस्तुस्थिती म्हणून उद्धृत केला. मात्र घातपात कधीही सिद्ध झाला नाही. चित्रशाळांमध्ये ज्वलनशील सामान भरपूर असे, त्यामुळे अपघाताची शक्यता तितकीच सबळ राहते. ‘विद्यार्थ्यांना नकोशी झालेली इमारत’ या कथेशी घातपाताचा तर्क सहज जुळतो. तो टिकून राहण्याचे कारण पुराव्यापेक्षा या जुळणीत शोधणे अधिक योग्य वाटते.

आगीनंतरच्या डागडुजीत दुमजली उंचीच्या मोकळ्या जागा आडभिंती घालून तोडल्या गेल्या. रुडॉल्फ यांची मूळ कल्पना जवळपास दिसेनाशी झाली, ती याच काळात. छतांवर फवारलेल्या ध्वनिशोषक थरात ॲस्बेस्टॉस होते. त्याची धूळ खाली पडत असल्याचे आढळल्यावर १९७४ च्या सुमारास हा थर काढण्यात आला. १९७७ मध्ये प्रसिद्ध झालेला यावरील अभ्यास, इमारतींतील ॲस्बेस्टॉसच्या धोक्याविषयीच्या आरंभीच्या महत्त्वाच्या अभ्यासांपैकी एक समजला जातो. त्या पिढीच्या कोणत्याही इमारतीचे नूतनीकरण करताना आज ही तपासणी सर्वांत आधी केली जाते. २००० मध्ये कला विद्यालय दुसरीकडे गेले.

नूतनीकरणाचे काम चार्ल्स ग्वाथमी (१९३८–२००९) यांच्याकडे आले. ते येलमध्ये रुडॉल्फ यांचेच विद्यार्थी. माजी विद्यार्थी सिड बास यांनी दोन कोटी डॉलरची देणगी दिली व इमारतीला रुडॉल्फ यांचे नाव मिळाले; जेफ्री लॉरिया यांच्या तेवढ्याच देणगीतून कलेतिहास विभागासाठीच्या विस्ताराला हातभार लागला. आगीनंतरच्या आडभिंती काढून उंच दालने पुन्हा मोकळी केली गेली आणि मूळचा नारिंगी गालिचा परत आणला गेला. तावदाने दुहेरी उष्णतारोधक काचेची, पण मूळच्या मोठ्या आकारांशी जुळणारी बसवण्यात आली. छतात पाणी खेळवून गरम वा थंड ठेवणाऱ्या पट्ट्या दिव्यांच्या रचनेत सामावून घेतल्या गेल्या. या पद्धतीत हवा वाहून नेणाऱ्या अवजड नळ्या बऱ्याच कमी लागतात. कमी उंचीच्या टप्प्यांमध्ये अशा नळ्या बसवणे शक्यच झाले नसते.

विस्ताराचा खरा उपयोग येथेच ध्यानात येतो. जुन्या इमारतीला लिफ्ट, सुटकेचे जिने आणि अपंगांना सोयीचा मार्ग या गोष्टी पेलवण्यासारख्या नव्हत्या. ३७ टप्प्यांत त्या घालायच्या तर काँक्रीट फोडणे अटळ होते. विस्तारातील जिने व लिफ्ट दोन्ही इमारतींसाठी वापरल्या जातात, त्यामुळे मूळ रचनेवर कमीत कमी घाव पडला. खालच्या मजल्यांवरील हास कला ग्रंथालय दोन्ही भागांना जोडते. संकुलाला ‘लीड’ या हरित इमारत प्रमाणनाचे सुवर्ण मानांकन मिळाले. अशा मानांकनात वापरातील वीज-पाण्याची बचत प्रामुख्याने मोजली जाते. उभे असलेले काँक्रीट वाचवल्याने सिमेंट-पोलादाच्या उत्पादनातील जे उत्सर्जन टळते, त्याला या इमारतीबाबत अधिक वजन द्यायला हवे.

वास्तुगुणांच्या दृष्टीने दोन भागांचे मूल्यमापन वेगळे होते. नूतनीकरणाची प्रशंसा जवळपास एकमुखी आहे. विस्ताराच्या चुनखडीच्या व धातूच्या दर्शनी भागावर मात्र, तो शेजारच्या वास्तूसमोर तुटक व फिका दिसतो, अशी टीका झाली. समर्थकांच्या मते जुन्या इमारतीचे अनुकरण टाळणे हेच शहाणपणाचे होते. टीका रूपापुरती ग्राह्य मानता येईल. नियोजनाच्या पातळीवर विस्ताराने आपले काम चोख केले आहे. नोव्हेंबर २००८ मध्ये इमारतीचे पुनर्लोकार्पण झाले. वास्तुकला विद्यालय आजही तिथेच भरते.