सवण्यातला कवडसा आणि मावशीचा डोळा

"अरे, गढूळ पाण्यातून बघितल्यावानी दिसायलंय," मावशी अंबाजोगाईहून फोनवर सांगत होती. त्याच सकाळी लातूरला तिच्या आयरिसला, म्हणजे बाहुलीभोवतीच्या तपकिरी पडद्याला, लेसरनं छिद्र पाडलं होतं. चिरा नाही, टाका नाही. मग गढूळ कशानं?

छिद्र कशाला, ते आधी. डोळ्याच्या आतलं पाणी (अश्रू नव्हेत) आयरिसच्या मागे मिनिटाला साधारण 2 ते 2.5 मायक्रोलीटर तयार होतं, बाहुलीतून पुढे येतं आणि आयरिस आणि पुढचं पारदर्शक पटल जिथं मिळतात त्या कोपऱ्यातल्या जाळीतून निथळतं. काहींचा हा कोपराच अरुंद. पाणी मागे अडलं की पडदा पुढे फुगतो, जाळी झाकली जाते, दाब चढतो. यातून एका प्रकारचा काचबिंदू होऊ शकतो. जेमतेम 0.2 मिलिमीटरचं भोक पाण्याला दुसरी वाट देतं.

पण आयरिस रक्तवाहिन्यांनी आणि रंगकणांनी गच्च भरलेली असते. याग लेसरचा एकेक ठोका काही नॅनोसेकंदांचा; तेवढ्यात तिथं बारीकसा स्फोट होतो. रंगकण उडतात, दुखावलेल्या पेशी प्रोस्टाग्लँडिन नावाची दाह वाढवणारी रसायनं सोडतात आणि रक्तातली प्रथिनं अडवून धरणारी भिंत झिरपायला लागते. एरवी डोळ्याच्या पाण्यात प्रथिनं रक्ताच्या शंभराव्या भागाहूनही कमी असतात. ती वाढली, जोडीला पांढऱ्या पेशी उतरल्या, की पाणी गढुळतं. आपल्याकडचे जाड, गडद पडदे भेदायला ताकदही जास्त लागते. (थोडा धूसरपणा लेसरच्या वेळी लावलेल्या जेलचाही असतो.)

माळवदाच्या घरात सवण्यातून कवडसा पडला की त्यात धूळ नाचताना दिसायची. डॉक्टर स्लिट लॅम्पवर, म्हणजे डोळे तपासायच्या दिव्याच्या सूक्ष्मदर्शकावर, हेच बघतात. अंधारात प्रकाशाची बारीक तिरीप डोळ्यात सोडतात. पाणी नितळ असेल तर ती मधे कुठं दिसतच नाही. दाह असेल तर धुरकट पट्टा उमटतो, त्यात पेशी तरंगतात. त्या मोजून दाहाची पायरी ठरते.

मला काळजी दाबाची जास्त वाटते. उडालेले रंगकण जाळीत अडकून पहिल्या एक ते तीन तासांत दाब उसळू शकतो. म्हणून तर दाब परत मोजेपर्यंत बसवून ठेवतात. मावशी मात्र "गाडी चुकली" म्हणून अजून कुरकुरते.

दाह उतरवायला स्टेरॉइडचे थेंब बहुधा चार ते सात दिवस. ते मधेच सोडले आणि दाह रेंगाळला, तर आयरिस मागच्या भिंगाला चिकटू शकते. उलट, मनानंच चालू ठेवले तर काहींचा दाब त्या थेंबांनीच वाढतो. दुखणं वाढलं किंवा नजर आणखी कमी झाली, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा.

मावशीला तिसऱ्या दिवशी स्वच्छ दिसायला लागलं. उरलेली बाटली तिनं देवळीत ठेवलीय, "शेजारणीचे डोळे आले तर कामाला येईल" म्हणून. पुढच्या खेपेला गेलो की ती मी गुपचूप उचलणार आहे.