राफाएलचं पँथिऑन आणि शाईतलं लोखंड

फ्लॉरेन्सच्या उफित्झी संग्रहालयात एक जुनं रेखाटन आहे. इटालियन चित्रकार राफाएलने 16व्या शतकाच्या सुरुवातीला टाक आणि शाईने काढलेला हा रोममधल्या पँथिऑनचा अंतर्भाग. सम्राट हेड्रियनच्या काळात, इ.स. 125च्या सुमारास उभं राहिलेलं हे मंदिर आजही शाबूत आहे. त्याचा 43.3 मीटर व्यासाचा काँक्रीटचा घुमट आत लोखंडी सळई नसलेला जगातला सर्वांत मोठा घुमट आहे. मग मूळ वास्तू डोळ्यांसमोर असताना चित्र कशाला अभ्यासायचं?

कारण वास्तू जशीच्या तशी राहिलेली नाही. घुमटाच्या लगेच खाली भिंतीवर आंधळ्या, म्हणजे आरपार न उघडणाऱ्या, खिडक्यांचा एक रुंद पट्टा आहे. 18व्या शतकाच्या मध्याला दुरुस्तीच्या नावाखाली तो पार बदलला गेला. राफाएलच्या कागदावर मात्र तो जुन्याच रूपात आहे. 20व्या शतकात त्या पट्ट्याचा एक तुकडा मूळ रूपात पुन्हा घडवला, तो अशा जुन्या चित्रांच्याच आधारे.

पण हा साक्षीदार चुकतोही. चित्रात भिंतीचा एक अख्खा खण, म्हणजे खांबांनी आखलेला एक भाग, गळला आहे. एवढ्या तयारीच्या चित्रकाराच्या नजरेतून तो सुटावा? स्पेनमधल्या एस्कोरियलच्या ग्रंथालयातल्या त्याच काळच्या एका चित्रवहीतही नेमकी हीच चूक आहे. म्हणजे एकाने दुसऱ्याचं पाहून काढलं असेल, किंवा दोघांसमोर तिसरंच, आता हरवलेलं चित्र असेल. पोथ्यांच्या नकला तपासणारे अभ्यासक सामाईक चुकांवरूनच मूळ प्रतीचा माग काढतात. मला या चित्रातली ती चूक बरोबर रेषांइतकीच मोलाची वाटते. शिवाय या कागदावर दोन वेगळे हात फिरले असावेत, असंही काही अभ्यासक मानतात.

अशा प्रश्नांत शाई मदतीला येते. त्या काळी युरोपात टाकाने लिहायला आणि चित्र काढायला सर्रास वापरली जाणारी शाई मायफळ, हिराकस (लोहाचा एक क्षार), डिंक आणि पाणी यांची असे. हे मायफळ म्हणजे आपल्या बाळगुटीतलंच. ते खरं तर फळ नव्हेच. ओक झाडावर एक बारीक गांधीलमाशी अंडं घालते, आणि त्याभोवती झाड जी गाठ वाढवतं, तीच ही. तिच्यातल्या टॅनिनची हिराकशीतल्या लोहाशी संयुगं होतात. शाई कागदावर उतरते तेव्हा फिकी असते; हवेतल्या ऑक्सिजनने लोहाचं रूप बदललं की ती काळीभोर होते. पुढे शतकानुशतकं ती तपकिरी पडत जाते. जुन्या रेखाटनांचा तो उबदार तपकिरी रंग पुष्कळदा चित्रकाराने निवडलेलाच नसतो.

डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त (इन्फ्रारेड) प्रकाशात तरंगलांबी वाढवत नेली की ही लोहशाई पुसट होत जवळजवळ नाहीशी होते, काजळीची शाई मात्र काळीच राहते. हिराकस खाणीतून येताना सोबत तांबं, जस्त असे धातू आणते आणि त्यांचं प्रमाण जागोजागी बदलतं. कागदावर क्ष-किरण टाकून ते प्रमाण मोजता येतं. दोन रेषांत ते वेगळं निघालं, तर त्या एकाच दौतीतल्या नाहीत असं म्हणायला जागा मिळते. तिरप्या उजेडात शाईखाली टोकदार सळीने आधी ओढलेल्या बिनरंगी खुणाही दिसतात.

दुर्दैवाने हीच शाई कागद खाते. तिच्यातलं आम्ल कागद ज्याचा बनतो त्या सेल्युलोजच्या साखळ्या तोडतं आणि मोकळं उरलेलं लोह ऑक्सिडीकरणाला वेग देतं. जिथे रेषा दाट, तिथे कागद आधी तपकिरी पडतो, मग तडकतो, शेवटी तुकडाच गळून पडतो. यावर 1990च्या दशकात नेदरलँड्समध्ये कॅल्शियम फायटेटचा उपाय विकसित झाला. फायटेट धान्याच्या कोंड्यात असतं आणि ते मोकळं लोह पकडून ठेवतं. पण हा उपचार पाण्यातून करावा लागतो, आणि पाण्याने शाई पसरू शकते, कागदाचा पोत बदलू शकतो. म्हणून नाजूक रेखाटनांना बहुतेक वेळा हात न लावता कोरड्या, थंड, अंधाऱ्या कपाटात ठेवतात, आणि प्रदर्शनात मांडलीच तर मंद दिव्याखाली, थोड्या दिवसांपुरती.