पार्टोग्राफ

प्रसूतीची प्रगती आणि माता व गर्भ यांची स्थिती एकाच कागदावर नोंदवण्याचा आलेख. कळा येऊनही प्रसूती अडली, तर बाळाला श्वासावरोध, मेंदूला इजा व जंतुसंसर्ग यांचा धोका असतो. तो वेळीच ओळखण्यासाठी दर अर्ध्या तासाने गर्भाचे ठोके व कळा, दर चार तासांनी गर्भाशयमुखाचा विस्तार आणि पाणमोट फुटल्यावर गर्भजलाचा रंग नोंदवतात.

मूळ कल्पनेचे श्रेय सामान्यतः न्यू यॉर्कचे इमॅन्युएल फ्रीडमन (१९५४) यांना देतात. त्यांनी विस्तार व काळ यांचा वक्र मांडला. तथापि वापरातल्या आलेखाचे जनकत्व ऱ्होडेशियातील (आजचे झिंबाब्वे) फिलपॉट व कॅसल (१९७२) यांच्याकडे जाते, असे मानणे अधिक सयुक्तिक. दूरच्या प्रसूतिगृहातून स्त्रीला मोठ्या रुग्णालयात केव्हा हलवावे, हा त्यांच्यापुढचा प्रश्न होता. त्यासाठी त्यांनी तासाला एक सेंटिमीटर विस्तार दाखवणारी अलर्ट लाइन (इशारा रेषा) आणि तिच्या उजवीकडे चार तासांवर ॲक्शन लाइन (ओलांडल्यास उपाय करायची रेषा) आखली. जागतिक आरोग्य संघटनेच्या आग्नेय आशियातील अभ्यासात (१९९४) लांबलेल्या प्रसूती घटल्या. पुढील समीक्षांना हा लाभ तितका स्पष्ट दिसला नाही. तासाला एक सेंटिमीटर हा निकष सरसकट लावू नये, असे संघटनेने २०१८ मध्ये सांगितले व २०२० मध्ये पाच सेंटिमीटरपासून भरायचा नवा तक्ता दिला. शस्त्रक्रियेची सोय हाताशी असलेल्या रुग्णालयात हा बदल रास्त आहे. दुर्गम भागात मात्र हलवण्याचा इशारा म्हणून अलर्ट लाइनचे मोल कमी होत नाही.

सातारा जिल्ह्यातील पाटण व जावळीच्या डोंगरी वाड्या, शिवसागर जलाशयापलीकडील कांदाटी खोरे किंवा सांगलीतील जतचा पूर्वभाग येथून कराड, सातारा वा मिरज गाठायला लागणारा वेळ या दोन रेषांमधील चार तासांतूनच वजा होतो. ॲक्शन लाइनची वाट पाहून निघालेली स्त्री उशिरा पोहोचते. इथे अलर्ट लाइन ओलांडताच १०८ ला फोन करणे आवश्यक होय. भरलेला आलेख तिच्यासोबत पाठवावा.

आलेख प्रसूती सुरू झाल्यावरचा; त्याआधीच्या प्रसूतिपूर्व काळजीत रक्तदाब, हिमोग्लोबिन, लोहाच्या गोळ्या व धनुर्वातविरोधी लस येतात. चोविसाव्या ते चौतिसाव्या आठवड्यात प्रसूतीची लक्षणे दिसल्यास बाळाच्या फुप्फुसांसाठी डॉक्टरांच्या सल्ल्याने डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड औषध देतात. पहिलटकरीण माहेरी येते, गळीत हंगामात ऊसतोड टोळ्या बाहेरून येतात. अशांचे माता-बाल संरक्षण कार्ड सोबत नसेल तर मागील नोंदी हाती लागत नाहीत. प्रसूती उरकल्यावर आठवून भरलेल्या आलेखाने बाळाचे रक्षण होत नाही.