हेलिकॉप्टरचे इंजिन-नियंत्रण आणि डिझेल इंजिन

मुख्य पंख्याचे (रोटरचे) फेरे उड्डाणभर जवळजवळ स्थिर राहावेत म्हणून भारानुसार इंधन कमी-जास्त करणारी व्यवस्था. हेलिकॉप्टरची उचल वाढते ती पात्यांचा कोन वाढवून; कोन वाढला की हवेचा विरोध वाढतो आणि इंधन वेळेवर वाढले नाही तर फेरे पडतात.

मराठवाड्यातल्या गावच्या गिरणीत हे तत्त्व कानाने कळते. जोंधळे ओतले की डिझेल इंजिन कण्हते. गव्हर्नरची, म्हणजे फेरे स्थिर राखणाऱ्या यंत्रणेची, फिरती वजने आत येतात, डिझेल वाढते आणि ठोका पूर्ववत होतो. जुन्या हेलिकॉप्टरांत हे काम वैमानिकाच्या डाव्या मनगटाचे होते, कारण पात्यांचा कोन बदलणाऱ्या दांड्यालाच पिळायचा थ्रॉटल (इंधन कमी-जास्त करणारी मूठ) असे. रॉबिन्सन आर-४४ या हेलिकॉप्टरमध्ये हा थ्रॉटल इलेक्ट्रॉनिक गव्हर्नर फिरवतो. भारतीय बनावटीच्या ‘ध्रुव’ हेलिकॉप्टरच्या ‘शक्ती’ या टर्बाइन इंजिनात (तप्त वायूंच्या झोताने पाती फिरवणाऱ्या इंजिनात) सगळा हिशेब संगणकाकडे, म्हणजे ‘फॅडेक’कडे असतो.

इथला उन्हाळा या हिशेबात मोठा आकडा आहे. छत्रपती संभाजीनगरचा चिकलठाणा विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे ५८० मीटर उंच. पारा ४२ अंशांवर गेला की तिथली हवा सुमारे १,७०० मीटर उंचीवरच्या प्रमाण (सर्वसाधारण मानलेल्या) हवेइतकी विरळ होते. पात्यांची उचल घटते, टर्बाइनची ताकदही. टर्बोचार्जर (हवा दाबून इंजिनात भरणारे यंत्र) असलेले डिझेल इंजिन अशा हवेत आपली ताकद बरीच टिकवते, शिवाय इंधन कमी पिते.

मग सगळ्या हेलिकॉप्टरांत डिझेलच का नाही? मुख्य अडचण वजनाची. तितक्याच ताकदीचे टर्बाइन कितीतरी हलके असते. डिझेलच्या प्रत्येक स्फोटाचा हिसका गिअरपेटीला बसतो; विहिरीवरच्या इंजिनात तो जड चाक पचवते, पण उडत्या यंत्राला तेवढे लोखंड परवडत नाही, म्हणून हिसके शोषणारे खास डॅम्पर लागतात. थंडाव्याचेही तेच. विहिरीवर पंपाचेच पाणी इंजिनातून फिरवता येते. एका जागी तरंगणाऱ्या हेलिकॉप्टरला समोरून वारासुद्धा मिळत नाही, तेव्हा मोठा रेडिएटर आणि पंखा बरोबर वाहावा लागतो.

तरीही एअरबसने ६ नोव्हेंबर २०१५ रोजी फ्रान्समधील मारिन्यान येथे ४४० अश्वशक्तीचे, ४.६ लिटरचे व्ही-८ डिझेल पद्धतीचे इंजिन बसवलेले एच-१२० हे हेलिकॉप्टर उडवून दाखवले. त्याच्या टाकीत विमानांचे केरोसीनच होते. या प्रयोगातून विक्रीचे हेलिकॉप्टर मात्र निघाले नाही.