लॅमिनेट फ्लोअरिंग घेताय? आधी घरात पाणी कुठून येतं ते पाहू

दुकानात येणारं जवळजवळ प्रत्येक गिऱ्हाईक पट्टीवर टिचकी मारून पहिला प्रश्न विचारतं, "हे वॉटरप्रूफ आहे ना?" नुसतं 'हो' म्हणून विकणं सोपं आहे. पण पहिल्या पावसाळ्यात फुगलेली जमीन तुम्हाला बघावी लागते आणि आम्हालाही. म्हणून खरेदीच्या आधी हे पत्रक शांतपणे वाचा.

लॅमिनेटची पट्टी दिसते लाकडासारखी, पण ती लाकडाची फळी नव्हे. लाकडाचे बारीक तंतू दाबून केलेला एचडीएफचा गाभा, त्यावर लाकडाच्या रेषा छापलेला कागद आणि सगळ्यात वर मेलामाइनचा कडक पारदर्शक थर, अशी तिची घडण असते. वरच्या थरावर चहा सांडला तर पुसून टाका, काही होत नाही. जपायचं ते पट्ट्यांच्या सांध्यांना आणि भिंतीलगतच्या कापलेल्या कडांना. तिथून पाणी गाभ्यात शिरलं की तंतू फुगतात आणि सांध्यावर बोट फिरवलं की उंचवटा लागतो. तो उंचवटा वाळल्यावरही पुरता बसत नाही. खऱ्या लाकडासारखी घासून पॉलिशही करता येत नाही, कारण घासलं की छापील कागदच निघून येतो.

निवडताना

जाडीवर जाऊ नका. १२ मि.मी.ची पट्टी पायाखाली भरीव वाटते, आवाज कमी करते, पण केवळ जाड आहे म्हणून ती ८ मि.मी.पेक्षा पाण्याला जास्त टिकत नाही. 'एसी ३', 'एसी ४' हे आकडेही पाण्याचे नाहीत, ते झिजेचे आहेत. घरासाठी एसी ३ चालतं, मुलं आणि कुत्रा असेल तर एसी ४ घ्या. गाभा हिरवा दिसला की तो ओलाव्याला टिकणारा, हा समज तर सगळ्यात जास्त फसवतो. हिरवा हा रंग आहे, तो कुठल्याही गाभ्यात घालता येतो.

विचारायचं ते एवढंच : २४ तास पाण्यात ठेवल्यावर जाडी किती टक्के फुगते? हा आकडा कंपनीच्या तांत्रिक पत्रकात 'थिकनेस स्वेलिंग' म्हणून असतो. ८ मि.मी.ची पट्टी १८ टक्के फुगली तर ती जवळजवळ दीड मि.मी. वर येते, म्हणजे अनवाणी पायाला ठेच लागावी इतकी. आकडा जितका कमी तितकं बरं. सांध्याच्या कडांना मेण किंवा तसाच पाणी अडवणारा लेप आहे का, हेही पाहा. '२४ तास पाणी सहन करतं' असं खोक्यावर लिहिलं असेल, तर तो दावा बहुधा वरून सांडलेल्या पाण्यापुरता असतो. खालून येणारी ओल आणि भिंतीतून झिरपणारं पाणी त्यात येत नाही. वॉरंटीच्या कागदावरची बारीक अक्षरं आमच्यासमोर बसून वाचा, आम्ही थांबतो.

स्वयंपाकघर, बाथरूमबाहेरचा पॅसेज आणि ओल असलेली तळमजल्याची खोली यांसाठी आम्ही लॅमिनेट विकत नाही. तिथे टाइल लावा, किंवा लाकडाचाच लूक हवा असेल तर एसपीसी घ्या. दगडाची भुकटी आणि पीव्हीसी यांचा त्याचा गाभा पाण्याने फुगत नाही. पण त्याच्याखाली शिरलेलं पाणी तिथेच राहून कुबट वास येऊ शकतो, त्यामुळे गळती आधी थांबवायची हे तिथेही चुकत नाही.

आपल्या घरांतलं पाणी

परदेशी खोक्यांवरच्या सूचना आपल्या घरासाठी लिहिलेल्या नसतात. आपल्याकडे रोज फरशी पुसली जाते, तीही बादलीतल्या पाण्याने. महापालिकेचं पाणी गेलेलं असताना नळ उघडा राहतो, घराला कुलूप लागतं आणि दुपारी पाणी येतं. सिंकच्या खालचा पाइप सुटतो, वॉशिंग मशीनचा होज निसटतो. एसीचा ड्रेन पाइप तुंबला की पाणी भिंतीवरून ओघळून स्कर्टिंगच्या मागे उतरतं आणि आठवडाभर कुणाला कळतही नाही.

पावसाळ्यात बाल्कनीच्या जाळीत पानं आणि कबुतरांची पिसं अडकली की पाणी सरकत्या दाराच्या पट्टीवरून आत येतं. जूनच्या आधी ती जाळी आणि दाराच्या ट्रॅकमधली पाणी जाण्याची भोकं साफ करा. पाच मिनिटांचं काम आहे. बाल्कनीचा उतार खोलीकडे असेल तर लॅमिनेट घेण्याआधी तो दुरुस्त करून घ्या.

एक गोष्ट आम्ही स्वतः शिकलो ती सांगतो. एका घरी बेडरूमची जमीन मधोमध फुगली. ना खिडकी, ना बाथरूम, जवळपास पाण्याचं काहीच नाही. बराच वेळ शोधल्यावर लक्षात आलं, पावसात कपडे वाळत घालायचा स्टँड रोज तिथेच पंख्याखाली उभा असायचा. टपटप गळणारं ते थोडं थोडं पाणी रोज त्याच सांध्यांवर पडत होतं. तेव्हापासून आम्ही प्रत्येकाला विचारतो, पावसाळ्यात कपडे कुठे वाळवता? स्टँडखाली ट्रे ठेवा. ओल्या छत्र्या, रेनकोट, मुलांचे चिंब बूट दाराबाहेरच राहू द्यात. गणपतीचं मखर लॅमिनेटच्या खोलीत असेल तर पाटाखाली काठ असलेलं मोठं ताट ठेवा. दुर्वा-फुलांचं पाणी आणि तीर्थ दीड दिवसातही बरंच सांडतं. कुंड्यांखाली बशी हवीच, आणि बशीत साचलेलं पाणी रोज ओतून टाका.

बसवण्याआधी

तळमजल्यावर किंवा कोकणातल्या जुन्या जांभ्याच्या घरात जमिनीतून ओल चढते. दीड फूट लांब-रुंद प्लॅस्टिक जमिनीवर ठेवून चारी कडांना टेप लावा. दुसऱ्या दिवशी खाली दव धरलेलं दिसलं किंवा जमीन काळपट झाली, तर ओल आहे. एप्रिलमध्ये कोरडी निघालेली जमीन ऑगस्टमध्येही कोरडी राहीलच असं नाही, म्हणून शंका असेल तर पावसाळा संपेपर्यंत थांबा. आम्ही ऑर्डर रोखून ठेवू. नवा कोबा असेल तर २८ दिवस झाले एवढ्यावर भागत नाही. ते दिवस सिमेंटच्या मजबुतीचे, सुकण्याचे नव्हेत. आणि वाळवीचा माग दिसला तर आधी पेस्ट कंट्रोल.

खोके त्या खोलीत ४८ तास आडवे ठेवायचे. जमिनीवर आधी प्लॅस्टिकची फिल्म, जोडावर २० से.मी. एकावर एक घेऊन टेप लावलेली, मग फोम, मग पट्ट्या. चारी भिंतींपासून ८ ते १० मि.मी. जागा सोडायची. हवेतल्या दमटपणाने पट्ट्या थोड्या वाढतात आणि उन्हाळ्यात बसवलेली जमीन जुलैत जागा मागते. जागा नसेल तर ती मधून कमानीसारखी उठते. स्कर्टिंग भिंतीला ठोकायचं, जमिनीला नाही. बाथरूमच्या उंबऱ्यापाशी आणि बाल्कनीच्या दारापाशी मात्र ही फट उघडी ठेवत नाही. तिच्यात दबणारी फोमची दोरी घालून वरून सिलिकॉन भरतो. हे काम आमचा माणूस करत असताना तुम्ही उभं राहून पाहा.

रोजचं पुसणं

कामाला येणाऱ्या मावशींना पहिल्याच दिवशी नीट सांगा. त्यांच्या हाताला वर्षानुवर्षं टाइलची सवय असते, चूक त्यांची नाही. आधी केर काढायचा, मग फडका इतका घट्ट पिळायचा की एकही थेंब गळू नये. पुसल्यावर जमीन मिनिटभरात सुकली पाहिजे. स्टीम मॉप नको, अॅसिड नको, पाणी ओतणं तर नाहीच. पाणी सांडलं तर कोरड्या टॉवेलने लगेच टिपा.

जास्त पाणी शिरलं तर

पाणी विजेच्या बोर्डापर्यंत पोचलं असेल तर आधी मेन स्विच बंद करा. पाणी येण्याची वाट बंद करा आणि वरचं पाणी टिपून घ्या. नुसता पंखा लावून वाट पाहू नका. वरून कोरडं दिसतं आणि फोमखाली पाणी तसंच राहतं. आम्हाला फोन करा. भिंतीकडून स्कर्टिंग काढून पट्ट्या एकेक सोडवता येतात. न फुगलेल्या पट्ट्या वाळवून परत बसतात, फुगलेल्या बदलाव्या लागतात. त्यासाठी खरेदीच्या वेळी त्याच लॉटचं एक खोकं जास्त घेऊन माळ्यावर ठेवा. दोन वर्षांनी तोच रंग मिळेल याची खात्री आम्ही देऊ शकत नाही.

मापं घ्यायला आम्ही येऊ तेव्हा बाथरूम, बाल्कनी, एसीचा पाइप आणि कपडे वाळवायची जागा, चारही दाखवा. मागे कुठे गळती झाली असेल तर तीही सांगा, रंगकाम करून झाकली असली तरी.