प्रार्थना, पापनिवेदन आणि मानसोपचार: या नैतिक प्रश्नाची पार्श्वभूमी

समुपदेशकाने उपचारात आपली श्रद्धा, प्रार्थना आणावी का, हा तो प्रश्न. वसईपासून मालवण-वेंगुर्ल्यापर्यंत किनाऱ्यावरच्या ख्रिस्ती घरांत कुणाचं मन खचलं की आधी फादरांना गाठलं जातं. ते ओळखीचे असतात, फी नसते आणि ‘वेड्याच्या डॉक्टरकडे गेली’ अशी कुजबुजही होत नाही. या विश्वासाची मुळं जुनी आहेत. 1215 च्या चौथ्या लॅटरन परिषदेने, म्हणजे कॅथलिक चर्चच्या धर्मसभेने, वर्षातून एकदा तरी पापनिवेदन (धर्मगुरूपुढे पापं कबूल करणं) सक्तीचं केलं आणि त्यातलं गुपित फोडणाऱ्या धर्मगुरूला पदावरून काढून जन्मभर मठात प्रायश्चित्त घ्यायला लावलं.

मानसोपचार आला तो धर्माकडे संशयाने बघतच. 1927 साली मनोविश्लेषणाचा, म्हणजे मनाच्या तळाशी दडलेलं बोलतं करणाऱ्या उपचाराचा, जनक फ्रॉइडने धर्माला भ्रम ठरवलं. त्याला 1928 मध्ये सविस्तर उत्तर दिलं ते झुरिकच्या ऑस्कर फिस्टर यांनी. ते स्वतः पाळक होते, मनोविश्लेषण करत होते आणि फ्रॉइडचे जवळचे मित्रही होते. एवढा मूलभूत मतभेद असूनही ती मैत्री टिकली, हे मला फार मोलाचं वाटतं.

रोम, म्हणजे पोपचं कॅथलिक चर्चही सावधच होतं. 1953 मध्ये पोप पायस बाराव्यांनी मानसोपचारतज्ज्ञांसमोर बोलताना बजावलं, की खरा अपराध केवळ उपचाराने पुसला जात नाही. 1961 मध्ये तर धर्मगुरूंनी मनोविश्लेषक म्हणून काम करण्यावर बंधन आलं. चारच वर्षांनी, 1965 मध्ये, दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने (चर्चच्याच आणखी एका धर्मसभेने) मेषपालकीय कार्यात, म्हणजे भाविकांची काळजी वाहण्याच्या कामात, मानसशास्त्राचा उपयोग करायला सांगितलं. पुढे 1980 मध्ये अमेरिकी मानसशास्त्रज्ञ ॲलन बर्गिन यांनी ठासून मांडलं, की उपचार करणाऱ्याची मूल्यं उपचारात उतरतातच. मग ती लपवण्यात अर्थ काय?

आपल्याकडे हा प्रश्न कसा उभा राहतो ते पाहा. समजा, समुद्रावर गेलेला नवरा परतला नाही. बाई समुपदेशकासमोर बसून जपमाळेचे मणी ओढत म्हणते, ‘देवानं मला शिक्षा केली.’ समुपदेशक स्वतः ख्रिस्ती, रविवारी त्याच मिस्साला येणारा. ‘देव असा नाही’ हे वाक्य त्याच्या ओठांवर येणारच. पण ते बोलला तर तो उपचार सोडून धर्मशिक्षणात शिरला. ‘शिक्षा कशाची वाटते?’ एवढं विचारून त्याने ऐकत राहावं. तिनेच प्रार्थना मागितली तर करावी, नाहीतर तिच्या परवानगीने फादरांशी गाठ घालून द्यावी. दुःखात बुडालेलं माणूस समोरच्याला ‘नको’ म्हणू शकत नाही, म्हणून प्रार्थनेचा विषय समुपदेशकाने आपणहून काढणं मला गैर वाटतं, भले त्याची श्रद्धा कितीही खरी असो.

चर्चच्याच हॉलमध्ये समुपदेशन चालतं तिथे पेच आणखी वाढतो, विशेषतः समोर फादरच बसलेले असले तर. बोलणाऱ्याला वाटतं, आपण पापनिवेदनच करतोय. पापनिवेदनाच्या गुप्ततेला अपवाद नाही. मानसोपचाराच्या गुप्ततेला मात्र आहेत: 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानुसार जिवाला धोका असेल किंवा दुसऱ्या कुणाला इजा होणार असेल, तर माहिती सांगता येते. आत्महत्येचा विचार बोलून दाखवणाऱ्या तरुणाला हा फरक पहिल्याच भेटीत, त्याने तोंड उघडण्याआधी कळायला हवा.