आदाम, उत्क्रांती आणि ‘दिसत नाही’ हे दोन शब्द

राज्य मंडळाच्या दहावीच्या विज्ञानाचं दुसरं पुस्तक उघडलं की पहिलाच धडा ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’. वसईपासून वेंगुर्ल्यापर्यंत किनाऱ्यावरच्या ख्रिस्ती घरांतली मुलं हा धडा शाळेत शिकतात आणि रविवारी मिस्सानंतर धर्मशिक्षणाच्या तासाला आदाम-एवे या पहिल्या जोडप्याची गोष्ट ऐकतात. बहुतेक जण दोन्ही वह्या वेगळ्या ठेवून पुढे जातात. अडतं ते एखादं आगाऊ पोर. ते विचारतं, “आदामला आई होती का?” वर्ग हसतो. पण चर्चला गेली पाऊणशे वर्षं नेमकं याच प्रश्नाचं ओझं झालं आहे, आणि बाहेर मात्र चर्चा माकडांवरच अडकलेली असते.

सृष्टीची ख्रिस्ती कथा या किनाऱ्याला मराठीतून कळली त्याला चारशे वर्षं झाली. १६१६ साली एका इंग्रज जेझुइट धर्मगुरूने रायतूरला ‘क्रिस्तपुराण’ छापून घेतलं. ओवीबद्ध, जवळजवळ अकरा हजार ओव्यांचं. रोमन लिपीत छापलेलं असलं तरी कान मराठी. श्रोते पुराणं ऐकत वाढलेले, त्यामुळे सृष्टी कुणी केली एवढाच तंटा होता. ती किती वर्षांत झाली, कशातून काय झालं, हे कुणी विचारत नव्हतं. इ.स.पू. ४००४ हे निर्मितीचं वर्ष आयर्लंडमधल्या एका आर्चबिशपने मांडलं तेसुद्धा नंतर, १६५० साली. आणि बायबलमधले निर्मितीचे सहा दिवस हे आपल्या सूर्योदय-सूर्यास्ताचे नसावेत, असं उत्तर आफ्रिकेतल्या एका बिशपने पाचव्या शतकातच लिहून ठेवलं होतं. तेव्हा ‘चर्च अक्षरशः सहा दिवस मानत आलं’ हे विधान जितकं ठामपणे केलं जातं तितकं खरं नाही.

१८५९ मध्ये डार्विनचा उत्क्रांतीवरचा ग्रंथ आला, त्यानंतरचा गोंधळ सर्वांना ठाऊक आहे. कमी ठाऊक असलेली गोष्ट अशी की उत्क्रांतीचा तो मूळ ग्रंथ रोमच्या निषिद्ध पुस्तकांच्या यादीत कधीच गेला नाही. उत्क्रांती आणि धर्मसिद्धान्त यांचा मेळ घालणाऱ्या एका अमेरिकन धर्मगुरूच्या पुस्तकावर मात्र १८९८ मध्ये बंदीचा निर्णय झाला, आणि तो जाहीर न करता फाइलीत ठेवला गेला. दारही लावायचं नाही आणि आतही बोलवायचं नाही, अशी ही तऱ्हा.

खरा पेच १९५० चा. त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये पोपनी काढलेल्या परिपत्रकात दोन गोष्टी पाठोपाठ येतात. पहिली मोकळीक देणारी: माणसाचं शरीर आधीच्या सजीवांतून घडलं का, यावर अभ्यासकांनी संशोधन करावं, वाद घालावेत, आत्मा मात्र थेट देवाकडून येतो. दुसरी आवळणारी: मानवजात एका आदामापासून न येता अनेकांपासून आली, हे मत धरायला श्रद्धावंत मोकळे नाहीत. का? कारण हे मत मूळ पापाच्या, म्हणजे आदामाचं पाप जन्मतःच सगळ्यांत येतं या शिकवणीशी कसं जुळवायचं ते ‘अजिबात दिसत नाही’.

या ‘दिसत नाही’वर किती शाई खर्ची पडली असेल! एक गट म्हणतो, वाक्य स्पष्ट आहे, मोकळीक नाही म्हणजे नाही. दुसरा गट म्हणतो, लिहिणाऱ्याने जपून शब्द वापरला आहे. ‘जुळत नाही’ असं म्हटलेलं नाही, कसं जुळतं ते दिसत नाही, एवढंच. आज दिसत नसेल तर उद्या दिसेलही. मूळ लॅटिन वाचलं तर दुसऱ्या गटाचं म्हणणं नाकारणं कठीण आहे, असं मला वाटतं. पण पहिल्या गटालाही वेड्यात काढता येत नाही, कारण त्यांची चिंता खरी आहे. पाप एका जोडप्याकडून वारशाने सगळ्यांत आलं, म्हणून तारणही सगळ्यांना लागतं, अशी ती साखळी आहे. पहिली कडी काढली तर बाप्तिस्म्याच्या पाण्याला काय म्हणायचं?

तिकडे जीवशास्त्र थांबलं नाही. आजच्या माणसांच्या जनुकांतली विविधता पाहता आपली पूर्वज लोकसंख्या हजारोंच्या घरात होती, एका जोडप्यापर्यंत ती कधी आटल्याचं दिसत नाही, असा निष्कर्ष पुढच्या दशकांत पक्का होत गेला. हाही एक ‘दिसत नाही’च, फक्त उलट बाजूने.

१९९६ मध्ये पुढच्या एका पोपनी व्हॅटिकनच्या विज्ञान अकादमीला फ्रेंचमध्ये पाठवलेल्या संदेशात उत्क्रांती ही आता ‘केवळ परिकल्पना राहिलेली नाही’ असं म्हटलं. इंग्रजी अनुवादात आधी ते ‘एकाहून अधिक परिकल्पना’ असं छापून आलं आणि मग दुरुस्ती करावी लागली. फ्रेंचमधल्या ‘उन’ (एक, एखादी) या चिमुकल्या शब्दाचा हा घोळ. मोठी बातमी झाली, तरी आदाम एक की अनेक, यावर त्या संदेशात काही नव्हतं.

ते आलं २००४ मध्ये, आणि कंसात आलं. रोममधल्या धर्मपंडितांच्या आयोगाने एका दस्तऐवजात माणसाची उत्पत्ती सुमारे दीड लाख वर्षांपूर्वी आफ्रिकेतल्या एका लोकसमूहात झाल्याचं शास्त्रीय मत पटण्याजोगं मानलं. पुढे पहिल्या माणसांविषयी बोलताना कंस उघडून ‘व्यक्ती म्हणून असोत वा समूह म्हणून’ असं लिहिलं आणि कंस बंद केला. आयोगाचं मत म्हणजे पोपचा हुकूम नव्हे, हे खरंच. तरी १९५० ला जे मत धरायला मोकळीक नव्हती ते २००४ ला कंसात बसलं. याची घोषणा कुठल्या वेदीवरून झाली नाही.

प्रॉटेस्टंटांची वाट वेगळी आणि जास्त भांडणाची. १९२५ मध्ये अमेरिकेतल्या टेनेसीत उत्क्रांती शिकवली म्हणून एका शिक्षकाला १०० डॉलर दंड झाला. १९६१ नंतर ‘पृथ्वी काही हजार वर्षांचीच’ या मताला नवी धार आली. रत्नागिरी-वेंगुर्ल्याला शाळा-दवाखाने काढणारे मिशनरीही अमेरिकनच होते, पण ते बरंच आधी आले. आज ते तरुण पृथ्वीचं मत इथे पोचतं ते मोबाइलवरच्या व्हिडिओंतून. ते बघणाऱ्याने एकदा सड्यावर, कातळाच्या पठारावर जावं. राजापूर-रत्नागिरीच्या जांभ्यावरची कातळशिल्पं दहा हजार वर्षांहून जुनी असावीत असा संशोधकांचा अंदाज आहे. तसं असेल तर ४००४ च्या हिशेबाने ती सृष्टीच्या आधी कोरली गेली!

शेजारचे हिंदू मित्र यावर मत्स्य, कूर्म, वराह मोजून दाखवतात. जत्रेत रात्रभर दशावतार बघणाऱ्या भागात ते साहजिकच आहे. पण मत्स्यावतारात डार्विन शोधणं आणि सहा दिवसांत सहा भूयुगं शोधणं, ही एकाच घरातली भावंडं; दोन्ही उत्तरं आधी ठरवून मग ग्रंथ उघडतात.

त्यापेक्षा मराठी बायबलच नीट उघडावं. हिब्रूत ‘आदाम’ या शब्दाचा अर्थ मुळात माणूस, मानवजात. आपल्या अनुवादांत पहिल्या अध्यायात तोच शब्द ‘मनुष्य’ होऊन येतो आणि पुढे विशेषनाम होतो. तो नेमका कुठे माणूस असायचा थांबतो आणि कुठे आदाम होतो, हे अनुवादकाने ठरवलेलं असतं. धर्मशिक्षणाच्या तासाला ही जागा कुणी दाखवत नाही, आणि त्या पोराला अजून कुणी उत्तर दिलेलं नाही.